निमकी, पाऊणकी, औटकी

मतदाराचे गणित सोपे असते. एक माणूस, एक बोट, एक मत. एकाच्या पुढे मोजायला त्याला कुणी सांगत नाही आणि सांगितले तरी तो मोजत नाही, कारण मत देऊन झाल्यावर उरलेली सुट्टी सत्कारणी लावायची असते. खरे गणित निकालाच्या संध्याकाळी सुरू होते, आणि ते सगळे अपूर्णांकांत असते.

जुन्या शाळांत मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे पाढे घोकून घेत. पावापासून साडेतीनापर्यंत सगळे तोंडपाठ. पुढे कॅल्क्युलेटर आले आणि हे पाढे शाळेतून हद्दपार झाले. ते गेले कुठे, याचा शोध कुणी घेतला नाही. माझी खात्री आहे की ते विधानसभेत गेले. अपूर्णांकांचा रोखठोक व्यवहार चालतो असे महाराष्ट्रात आता तेवढे एकच ठिकाण उरले आहे. अर्धे, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पंधरा टक्के, एक दशांश. ज्याला हे पाढे येतात तो सरकारात बसतो, ज्याला येत नाहीत तो प्रचारात नाचतो.

आमच्या आळीत गणिताचे एक निवृत्त मास्तर राहतात. निकालाच्या दिवशी ते टीव्हीचा आवाज बंद करून नुसते आकडे बघतात. आवाजाने उत्तर बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे. मांडीवर जुनी वही असते आणि प्रत्येक निवडणुकीचे उदाहरण तीत सोडवलेले असते. बहुतेक उदाहरणांपुढे मास्तरांनी लाल शाईने "उत्तर जुळत नाही" असे लिहिले आहे.

निमकीपासून सुरुवात करू. विधानसभेच्या जागा २८८. निम्मे १४४, आणि राज्य करायला वर एक, म्हणजे १४५. टीव्हीवाले याला मॅजिक फिगर म्हणतात. गणितात जादू आणलेली मास्तरांना आवडत नाही. पण १९८५ नंतर या राज्यात एकाही पक्षाला एकट्याच्या जिवावर १४५ गाठता आलेले नाही, हे पाहिले की जादूचा संशय त्यांनाही येतो. १९९० साली काँग्रेस १४१ वर थांबली. २०२४ साली महायुतीची लाट आली म्हणतात, त्या लाटेतही भाजप १३२ वरच होता. चार दशके झाली, या राज्याने कुणालाही पूर्ण मार्क दिलेले नाहीत. ग्रेस मार्कांवरच सगळे पास.

हे ग्रेस मार्क म्हणजे अपक्ष. १९९५ साली शिवसेनेच्या ७३ आणि भाजपच्या ६५ जागा आल्या. बेरीज १३८, कमी पडले सात. आणि निवडून आलेले अपक्ष होते ४५! हवेत सात आणि दारात पंचेचाळीस, तेव्हा अर्थशास्त्राच्या नियमाने भाव पडायला हवा होता. तो चढला. आदल्या महिन्यात ज्यांना पक्षाने तिकीट नाकारले होते, त्यांतल्या काहींना नव्या सरकारने मंत्रिपद दिले. तिकीट न मिळणे ही इतकी लाभदायक गोष्ट असू शकते, हे महाराष्ट्राला तेव्हा कळले. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत बंडखोरांचे पीक जोमात येते.

निमकी जमली नाही तर मोठा-लहान ओळखता आले तरी पुरे, असे मास्तर मुलांना सांगत. राजकारणात तेही धोक्याचे आहे. १९९९ च्या जूनमध्ये सोनिया गांधींच्या विदेशी मुळाच्या प्रश्नावर शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. प्रश्न तत्त्वाचा होता. सप्टेंबरात दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या, ७५ आणि ५८ जागा घेऊन आल्या, आणि ऑक्टोबरात दोघी एकाच मंत्रिमंडळात जाऊन बसल्या. तत्त्व कुठे गेले म्हणाल तर ते वजाबाकीत हातचा म्हणून ठेवले होते. पुढे २००४ साली राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. ज्याचे आमदार जास्त त्याचा मुख्यमंत्री, हा साधा नियम. मुख्यमंत्री काँग्रेसचा झाला. मास्तरांनी वहीत ७१ < ६९ असे चिन्ह काढले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

शेजारच्या गोव्यात हाच प्रयोग छोट्या पाटीवर झाला. जागा ४०, निमकीच्या वर एक म्हणजे २१. २०१७ साली काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ मिळाल्या. सतरावाले सर्वांत मोठा पक्ष म्हणून बोलावण्याची वाट पाहत राहिले आणि तेरावाल्यांनी सरकार बनवले. मनोहर पर्रीकर आयआयटीचे इंजिनिअर. तेरात आठ मिळवले की एकवीस होतात, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

पण मास्तरांच्या श्रद्धेला खरा तडा गेला तो १२ नोव्हेंबर २०१४ रोजी. भाजपचे १२२ आमदार निवडून आले होते, बहुमताला तेवीस कमी. ज्या राष्ट्रवादीविरुद्ध अख्खा प्रचार केला, तिने ४१ आमदारांचा बाहेरून पाठिंबा आधीच जाहीर केला होता. तो घ्यायचा तर पंचाईत, न घ्यावा तर सरकार पडते. त्या दिवशी विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. होय म्हणणारे होय ओरडले, नाही म्हणणारे नाही ओरडले, आणि होयचा आवाज मोठा ठरला. कुणाचे किती, हा हिशेब कागदावर आलाच नाही. आवाजाने उत्तर बदलत नाही, या मास्तरांच्या प्रमेयाचे तिथेच विसर्जन झाले.

आता तृतीयांश. हा पाढा भारतीय राजकारणात येण्याचे श्रेय हरियाणाच्या गयालाल यांना जाते. १९६७ साली त्यांनी पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला आणि देशाला आयाराम-गयाराम दिले. त्यावर उपाय सुचायला संसदेला अठरा वर्षे लागली. १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदी कायदा आला. त्याचा अर्थ असा, की एकटा फुटला तर तो अपराधी आणि एक तृतीयांश मिळून फुटले तर ती फूट. फुटीला कायद्यात मान होता. मग लोक तृतीयांश गोळा करू लागले. तेव्हा २००३ साली नियम कडक केला. एक तृतीयांशाची सोय रद्द, आता दोन तृतीयांश आमदारांनी विलीन व्हायचे. पूर्वी नऊ जणांच्या पक्षात तीन पळाले तर चालत असे; आता सहा पळाल्याशिवाय चालत नाही. नियम कडक झाला तो पळणाऱ्यांवर नव्हे, मागे राहणाऱ्यांवर.

हा पाढा सर्वांत बिनचूक कुणाला येतो म्हणाल तर गोवेकरांना. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे विधानसभेत तीन आमदार होते. तिनाचे दोन तृतीयांश दोन. एका मध्यरात्री दोघे भाजपमध्ये विलीन झाले. उरलेले एक उपमुख्यमंत्री होते. त्यांचे पद गेले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसचे पंधरा आमदार उरले होते. पंधराचे दोन तृतीयांश दहा. बरोबर दहा गेले. नऊ नाही, अकरा नाही.

यातून शहाणे होऊन २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपले उमेदवार देवळात, क्रुसापुढे आणि दर्ग्यात नेले आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ वदवून घेतली. तीन धर्मांची ही तिहेरी तटबंदी. अकरा निवडून आले. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक एक तृतीयांश. आता एक तृतीयांश आमदार हॉटेलात कसा न्यायचा, हा प्रश्न होता. म्हणून आठ गेले. सप्टेंबरात, म्हणजे निकालानंतर सहा महिन्यांनी. शपथेचे काय, असे विचारल्यावर त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी सांगितले की आपण देवाला विचारले, आणि तुझ्या भल्याचे असेल ते कर असे देव म्हणाला. देव कुठल्या पक्षाचा, हे सभापतींपुढे आले नाही.

अपूर्णांक सोडवायला शांत जागा लागते. म्हणून आमदारांना हॉटेलात नेतात. २००२ साली विलासराव देशमुखांचे सरकार धोक्यात आले तेव्हा काँग्रेसचे आमदार बंगळुरूला ठेवले होते आणि त्यांची बडदास्त ठेवणारे होते कर्नाटकातले काँग्रेस नेते डी. के. शिवकुमार. पुढे जुलै २०१९ मध्ये कर्नाटकातले आमदार फुटले, आणि येऊन राहिले कुठे, तर मुंबईत पवईला. त्यांना परत न्यायला शिवकुमार स्वतः आले. हॉटेलात त्यांच्या नावाने खोलीही घेतलेली होती. पण आत सोडले नाही. बिचारे दारात ताटकळले. सतरा वर्षांपूर्वीचा पाहुणचार महाराष्ट्राने असा फेडला.

२०२२ च्या जूनमध्ये तर एकनाथ शिंदे यांच्याबरोबर शिवसेनेतून फुटून गेलेल्या आमदारांची सुरत, गुवाहाटी, गोवा अशी सहल झाली. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार. दोन तृतीयांश म्हणजे ३७. आमचे सगळे गाव टीव्हीपुढे सदतीसपर्यंत मोजत बसले होते. विमानातून कोण उतरले, खिडकीत कोण दिसले, तेहतीस, चौतीस, पस्तीस. त्यातच सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचे फोनवरचे बोलणे बाहेर आले आणि "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" हे महाराष्ट्राला तोंडपाठ झाले. पक्षांतरबंदी सांगणाऱ्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टावर एवढे सुटसुटीत भाष्य सर्वोच्च न्यायालयालाही जमलेले नाही.

सदतीस झाले, चाळीस झाले. आणि मग कळले की सदतीसची गरजच नव्हती. फुटलेल्यांनी आम्ही कुठेच विलीन होत नाही, आम्हीच मूळ पक्ष, असे सांगितले. प्रकरण निवडणूक आयोगाकडे, सर्वोच्च न्यायालयाकडे असे फिरून विधानसभेच्या अध्यक्षांपुढे आले. जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला. शिंदे यांचा पक्ष खरा. त्यांचे आमदार पात्र. मग समोरचे अपात्र असतील? नाही, तेही पात्र. तोवर राष्ट्रवादीही फुटली होती; महिन्याभराने तिच्या दोन तुकड्यांचाही तसाच निकाल आला. मास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं पेपर तपासले, पण दोन मुलांनी एकमेकांच्या उलट उत्तर लिहावं आणि दोघांनाही पैकीच्या पैकी पडावेत, असं पाहिलं नाही रे."

औटकीचा पाढा हल्ली कुणाला येत नाही, पण औटकीचे सरकार सगळ्यांनी पाहिले आहे. २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. आदल्या रात्री झोपताना उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशी बातमी होती. पहाटे पावणेसहाला राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतलेली होती. गावात दूध घालणारा पोरगा ही बातमी घेऊन आला तेव्हा त्याला लोकांनी दुधात पाणी घालतोस ते घाल, बातमीत घालू नकोस, असे सांगितले. सोमवारी संध्याकाळी मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात दुसऱ्या बाजूने १६२ आमदार रांगेत उभे करून दाखवले. मंगळवारी दुपारी सरकारने राजीनामा दिला. साडेतीन दिवस. औट एके औट, आणि पुढे पाढा संपला.

त्याच सभागृहाने ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांच्यावर १६९ मतांनी विश्वास दाखवला. त्याच सभागृहाने ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे यांच्यावर १६४ मतांनी विश्वास दाखवला. सभागृह तेच, बाके तीच, माणसेही जवळपास तीच. विश्वासू सभागृह! मतदाराने मत एकदाच दिले होते; त्यात त्याला तीन मुख्यमंत्री मिळाले. ग्राहक मंचात जाण्यासारखी ही तक्रार नाही, कारण माल मागितल्यापेक्षा जास्तच आला होता. पुढे फडणवीस मुख्यमंत्र्याचे उपमुख्यमंत्री झाले, शिंदे मुख्यमंत्री. २०२४ नंतर फडणवीस मुख्यमंत्री, शिंदे उपमुख्यमंत्री. बेरजेत पदांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येते, हा नियम मात्र इथे तंतोतंत लागू पडला.

आता टक्केवारी. पूर्वी मंत्री किती करावेत याला मर्यादा नव्हती. १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी ९३ मंत्री केले होते. पाठिंबा द्यायला आलेला माणूस मंत्री होऊनच परत जाई. मग २००३ सालच्या दुरुस्तीत सभागृहाच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा आली. २८८ चे पंधरा टक्के ४३ पूर्णांक काही दशांश. म्हणजे महाराष्ट्रात त्रेचाळीस माणसे खूश करता येतात आणि उरलेल्यांना पुढच्या विस्ताराची आशा दाखवता येते. या आशेवर सरकारे पाच वर्षे चालतात. त्याच नियमात किमान बारा मंत्री असावेत असेही म्हटले आहे. २०२२ साली ३० जूनला शपथ झाली आणि ९ ऑगस्टपर्यंत राज्यात मंत्री होते दोन. सगळी खाती दोघांत. त्या चाळीस दिवसांत राज्याचे काही अडले, अशी तक्रार आमच्या गावातून तरी कुणी केली नाही. हे दोघे सोडून बाकीचे एक्केचाळीस कशासाठी असतात, हा प्रश्न मास्तरांनी वहीत स्वाध्याय म्हणून दिला आहे.

शेवटचा पाढा दशांशाचा. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ आमदार असावेत, असा संकेत सांगतात. २०२४ च्या निकालात उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या पक्षाला १०. एकालाही दशांश गाठता आला नाही, आणि नवे सभागृह विरोधी पक्षनेत्याशिवायच कामाला लागले. लोकशाहीची हानी झाली, असे अग्रलेख आले. ते खरेच आहे. पण खरी हानी विरोधकांची आहे, कारण महाराष्ट्रात मंत्री होण्याचा खात्रीचा मार्ग विरोधी पक्षनेतेपदावरून जातो. नारायण राणे विरोधी पक्षनेते होते. २००५ साली काँग्रेसमध्ये जाऊन मंत्री झाले. २०१४ च्या नोव्हेंबरात एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले. महिना भरायच्या आत ते ज्या सरकारला विरोध करत होते, त्यातच मंत्री. त्यांच्यानंतर राधाकृष्ण विखे पाटील; २०१९ च्या जूनमध्ये पलीकडे जाऊन मंत्री. मग विजय वडेट्टीवार. सहा महिन्यांत आघाडीचे सरकार आले, मंत्री. मग देवेंद्र फडणवीस, उपमुख्यमंत्री. मग अजित पवार. पुरते वर्षभर विरोध केला आणि २ जुलै २०२३ ला उपमुख्यमंत्री. यांतले काही रीतसर सरकार बदलल्यामुळे पलीकडे गेले आणि काहींनी सरकार बदलण्याची वाट पाहिली नाही, एवढाच फरक. एवढा निकाल तर स्पर्धा परीक्षेच्या क्लासलाही लागत नाही. ती खुर्चीच रिकामी राहिली तर विरोधकांनी कुणाकडे बघून धीर धरायचा?

एवढे अपूर्णांक ऐकले की माणसाला वाटते, आपल्या एका मताला कोण विचारतो. मास्तरांकडे यावर राजस्थानचे उदाहरण आहे. २००८ साली सी. पी. जोशी तिथे काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते आणि मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचे नाव घेतले जात होते. नाथद्वारात त्यांना ६२,२१५ मते मिळाली आणि भाजपच्या उमेदवाराला ६२,२१६. एका मताने पडले. पक्ष सत्तेवर आला, मुख्यमंत्री अशोक गेहलोत झाले. जोशींच्या घरातलेच मत पडायचे राहिले होते, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. हे उदाहरण मास्तर प्रत्येक मतदानाच्या सकाळी आळीतल्या दारोदारी जाऊन ऐकवतात. त्यांच्या स्वतःच्या घरात तर ते इतक्या वेळा ऐकवले आहे की मास्तरीणबाई सात वाजता मतदान केंद्रावर असतात. मत द्यायला नाही, घरात उदाहरण ऐकायला लागू नये म्हणून.

परवा वही मिटता मिटता मास्तरांनी एक शेवटचा हिशेब दाखवला. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात मतदान झाले सुमारे ६६ टक्के. गेल्या कित्येक निवडणुकांपेक्षा जास्त; आयोगही खूश, पक्षही खूश.

"बरंच झालं की मास्तर," मी म्हणालो.

"बरं काय झालं? शंभराचे दोन तृतीयांश किती?"

"सहासष्ट पूर्णांक दोन तृतीयांश."

"आणि घराबाहेर पडले किती? सहासष्ट. थोडक्यात हुकलं. आमदार काठावर येऊन कधी चुकत नाहीत, बघ. पंधरात दहा, अकरात आठ, तिनात दोन. आपण एवढी जवळपास पावणेदहा कोटी माणसं, आणि साधा दोन तृतीयांश जमवता येत नाही. आपल्यालाच तो कायदा लावला असता ना, तर अख्खा महाराष्ट्र अपात्र ठरला असता आणि आत बसलेले २८८ तेवढे पात्र राहिले असते."

मी म्हटले, "मग आता काय करायचं?"

"काय करणार? पुढच्या खेपेला आळीतला गट घेऊन जायचा. एकेकट्यानं गेलो तर मतदार, सगळे मिळून गेलो तर विलीनीकरण. आणि नाश्त्याला कुठलं हाटील घ्यायचं, ते आधी ठरवून ठेव."